घरच्या रद्दीतून पॉप आर्ट कोलाज: नऊ चौकटी, नऊ केळी

पॉप आर्टचा विषय असतो रोज दुकानात दिसणारी वस्तू. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपचे ३२ डबे ३२ कॅनव्हासवर रंगवून ओळीने मांडले. खानदेशात हा मान केळ्याला द्यायला हरकत नाही.

सामान: खोक्याचा पुठ्ठा, जुन्या लग्नपत्रिका, मसाल्याची आणि वेफर्सची रिकामी पाकिटं, वर्तमानपत्र, फेव्हिकॉल, रबरी गोंद, पोस्टर कलर, बबल रॅपचा तुकडा, काळा पर्मनंट मार्कर. रंग तीनच निवडा. कोलाज बिघडतं ते बहुतेक वेळा सामान कमी पडून नाही, जास्त होऊन.

१. पुठ्ठ्याचे १२ × १२ इंचांचे दोन तुकडे कापा. आतल्या नळ्या एकात उभ्या, दुसऱ्यात आडव्या येतील असे चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. एकेरी पुठ्ठा नळ्यांच्या दिशेने वाकतोच. मागच्या बाजूला वर्तमानपत्राचा एक थर द्या, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा राहतो.

२. पुढच्या बाजूवर ४ इंचांच्या नऊ चौकटी आखून प्रत्येकीत एकरंगी कागद लावा. लग्नपत्रिकेचा लाल किंवा पिवळा कागद यासाठी छान.

इथे गोंदाचं नीट बघा. कागदासाठी दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी. कागद ओला झाला की फुगतो. फुगायच्या आत चिकटवला तर सुरकुत्या पडतात. म्हणून गोंद लावून अर्धा मिनिट थांबा, मग चिकटवा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत न्या. प्लास्टिकचं पाकीट पाणी शोषत नाही. त्याखाली फेव्हिकॉल ओलाच राहतो आणि दोन दिवसांनी अख्खं केळं सालीसारखं सुटून येतं. तिथे रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्या, मग दाबा. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही. हे काम खिडकी उघडून, गॅसच्या शेगडीपासून लांब करा.

३. चौकटी सुकल्या की ठिपके. छापील चित्रांतले असे ठिपके मोठे करून वापरणं ही रॉय लिक्टेनस्टाइन या पॉप आर्टच्याच अमेरिकन चित्रकाराची खूण. बबल रॅपवर घट्ट पोस्टर कलर स्पंजने टेकवा, पहिला ठसा रद्दीवर घ्या, दुसरा चौकटीत. रंग पातळ असला की ठिपके एकमेकांत मिसळतात.

४. पत्रिकेच्या जाड कागदातून ३ इंची केळ्याचा साचा कापा. पाकिटं साबणाच्या पाण्याने आतून धुऊन कोरडी करा. तेलाचा अंश राहिला तर कुठलाच गोंद धरत नाही. नऊ केळी नऊ वेगळ्या तुकड्यांतून कापा: हळदीचं पाकीट, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, वेफर्सच्या पिशवीची चंदेरी बाजू. मागून आखणार असाल तर साचा उलटा ठेवा, नाहीतर केळं दुसऱ्या बाजूला वळेल. एखादं मुद्दाम उलटं वळवलंत तर मात्र मजा येते.

५. केळी चिकटवून शेवटी मार्करने जाड काळी कड द्या. वाकडी कातरलेली बाजूही त्यात झाकली जाते.

मे महिन्यात गच्चीवर वाळत घालू नका. भुसावळ-जळगावच्या उन्हात वरचा कागद आधी आकसतो आणि कोपरे उचलतात. घरात सावलीत आडवं ठेवा. चमक यावी म्हणून वरून पातळ फेव्हिकॉल फिरवायचा मोह होईल, पण पोस्टर कलर पाण्याने पसरतो. त्यापेक्षा काचेची फ्रेम करा. वर्तमानपत्र वर्षभरात पिवळं पडतं. ते नको असेल तर त्या पानाची झेरॉक्स वापरा.