नोडच्या सर्व्हरमधला अवेटचा घोळ कसा निस्तरायचा

नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, आणि अवेट म्हणजे त्यातलं 'हे काम होईपर्यंत थांब'. ते सुटलं किंवा नको तिथे पडलं की कधीतरीच दिसणारे बग येतात. आधीच सांगतो, मध्ये सेटटाइमआउट (थोडा वेळ थांबून पुढचं काम) टाक, रिट्राय लाव, रिस्टार्ट मार असले सल्ले देणाऱ्यांच्या नादी लागू नका, त्याने बग जात नाही, फक्त तुम्ही विरार लोकलमध्ये चढल्यावर येतो.

१. असिंकलोकलस्टोरेज (प्रत्येक रिक्वेस्टची माहिती तिच्यासोबत ठेवणारी नोडची सोय) वापरून प्रत्येक रिक्वेस्टचा आयडी लॉगमध्ये आणा, म्हणजे कुठली ओळ कोणाची ते कळतं.

२. सुटलेले अवेट शोधा. टाइपस्क्रिप्ट असेल तर नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा लिंट रूल (कोड न चालवता चुका दाखवणारा नियम) लावा. फॉरईच लूपमध्ये असिंक (आत अवेट असलेलं) फंक्शन दिसलं की सरळ फॉर-ऑफ लूप करा, फॉरईच कोणासाठी थांबत नाही. एक्सप्रेस या नोडच्या वेब फ्रेमवर्कच्या ४ व्हर्जनवर असिंक हँडलरमधला एरर स्वतः नेक्स्टला (एरर पुढे पाठवणाऱ्या फंक्शनला) द्यावा लागतो, ५ मध्ये आपोआप जातो.

३. आता खरी डोकेदुखी. दादरच्या एका नाट्यगृहासाठी तिकिटांचा सर्व्हर लिहिला होता, आणि रविवारच्या प्रयोगाला एकाच खुर्चीवर दोन काका तिकीट घेऊन हजर! माझ्या लॅपटॉपवर कधीच झालं नव्हतं, कारण तिथे गिऱ्हाईक मी एकटाच.

नोड सिंगल थ्रेड आहे, एका वेळी एकच काम करतो, मग रेस कंडिशन (दोन रिक्वेस्टची एकाच गोष्टीसाठी शर्यत) कशी येईल, असं मीही छातीठोक म्हणायचो. अहो, प्रत्येक अवेटला तो दुसऱ्या रिक्वेस्टला आत घेतो ना! सीट रिकामी बघितली, रुमाल न टाकताच पिशवी आणायला गेलात, परत येईपर्यंत दुसरा बसलेला. माझा कोड तेच करत होता, आधी सिलेक्ट (डेटाबेसमध्ये सीट बघणं), मग अवेट, मग अपडेट (सीट घेणं).

म्हणून आधी बग हातात आणा. सिलेक्ट आणि अपडेटच्या मध्ये २ सेकंदांचा डिले टाका (फक्त स्वतःच्या मशीनवर, प्रॉडक्शनला म्हणजे खऱ्या सर्व्हरवर गेला तर मला सांगू नका) आणि दोन टर्मिनलमधून एकाच सीटची रिक्वेस्ट मारा. दोन्ही पास झाल्या की चोर सापडला.

फिक्स म्हणून मी आधी मेमरीत लॉकचा फ्लॅग ठेवला होता. तो मूर्खपणा करू नका, पीएम२ वर (नोडच्या प्रोसेस चालवणारं टूल) ४ प्रोसेस चालू केल्या की प्रत्येकीची मेमरी वेगळी आणि लॉक बिनकामाचा. बघणं आणि घेणं एकाच अपडेटमध्ये करा, अट व्हेअरमध्येच (क्वेरीतल्या अटीच्या भागात) लिहा की सीट रिकामी असेल तरच. पोस्टग्रेस हा डेटाबेस ती रो लॉक करतो, मागून आलेल्याला अट परत तपासावी लागते आणि ० रो मिळतात. ० आले की ४०९ (सीट गेली, असा एचटीटीपी कोड) पाठवा, आणि पुढे रिटर्न लिहा, नाहीतर हेडर्स आधीच गेलेत म्हणून बोंब होते.

४. डिले काढा, ऑटोकॅननने (एकदम खूप रिक्वेस्ट मारणारं टूल) एकाच सीटवर ५० रिक्वेस्ट सोडा. एकीला २०० (यशस्वी), बाकी ४९ ना ४०९. दोन २०० दिसले तर परत तिसऱ्या पायरीवर.