सायकलची काळीकुट्ट चेन घरच्या घरी कशी साफ करायची

पावसाळ्यात ताम्हिणीकडे एक राइड मारून आलं की उजव्या पोटरीवर चेनरिंगच्या (पेडलजवळची मोठी दातेरी चकती) दातांचा काळा शिक्का उमटलेला असतो, साबणाने पण धड जात नाही, तेव्हा समजायचं की चेन धुवायला झाली. बरेच जण अशा वेळी काय करतात, तर त्याच काळ्या चेनवर अजून तेल ओततात. खरखर दोन दिवस थांबते हे खरंय, पण आत धूळ, तेल आणि लोखंडाचा कीस यांचं जे काही झालेलं असतं ते म्हणजे गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्टच की हो! ती चेनच्या पिना खाते, मग चेन लांबते आणि लांबलेली चेन कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, खाते.

म्हणून तासभर घासत बसायच्या आधी चेन मोजून बघा. स्टीलची १२ इंची पट्टी घ्या, पेडलवर जरा दाब देऊन चेन ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, नव्या चेनमध्ये चोविसाव्या कडीनंतरच्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचावर येतो. दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदला, धुण्याचे कष्ट वाया. तीन मिलिमीटर गेला असेल तर कॅसेटपण गेली असण्याची शक्यता जास्त.

सामान फार लागत नाही. रॉकेल, ते नाही मिळालं तर डिझेल किंवा सायकलचं डिग्रीझर, दोन जुने टूथब्रश, फाटकं बनियन, भांडी घासायचं लिक्विड, रबरी हातमोजे. पेट्रोल नको, पटकन साफ होतं मान्य, पण वाफ तितक्याच पटकन पेटते. गंज काढायचं किंवा बाथरूमचं अ‍ॅसिड तर अजिबातच नको, चेन ठिसूळ होऊन चालवताना तुटू शकते.

सुरुवात मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) दोन छोट्या चाकांपासून करा, ज्याला जॉकी व्हील म्हणतात. सगळ्यात जास्त घाण तिथे बसते आणि सगळे तेच विसरतात, मग चकाचक चेन दहा मिनिटांत परत काळी. पेडल उलटं फिरवत चपटा स्क्रूड्रायव्हर चाकाच्या कडेला हलकेच टेकवला की काळी वळकटी सोलून निघते, बघायला घाण पण फार समाधान मिळतं. मग ब्रश मारा.

आता कॅसेट. गिअर सगळ्यात छोट्या चकतीवर टाकून मागचं चाक काढा, बनियनची लांब पट्टी फाडून रॉकेलमध्ये भिजवा आणि दोन चकत्यांच्या मधे घालून पुढे-मागे ओढा. चाक उभंच धरा, कॅसेटची बाजू थोडी खाली झुकवून, नाहीतर रॉकेल हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, उतरतं आणि बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधा. मी एकदा आळस केला, स्प्रेचं तेल डिस्कवर उडालं आणि पुढचे कितीतरी दिवस ब्रेक दाबला की अख्खी गल्ली वळून बघायची.

चेनला क्विक लिंक, म्हणजे हाताने किंवा पक्कडीने उघडणारी कडी, असेल तर चेन काढा (काही लिंक एकदाच वापरायच्या असतात, पाकीट वाचा, एक जादाची घरात ठेवा). रुंद तोंडाच्या बाटलीत चेन, ती बुडेल एवढं रॉकेल, पंधरा मिनिटं भिजू द्या आणि मग जोरात हलवा. चेनला एक तार ओवून ठेवा नाहीतर बाहेर काढताना कोपरापर्यंत हात काळा. लिंक नसेल तर सायकलवरच फडक्यात धरून, ब्रशने घासून.

त्यानंतर गरम पाणी आणि लिक्विडने सगळं धुवा, कारण आत राहिलेलं रॉकेल नवीन तेल पातळ करतं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप मात्र नको, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. लगेच पुसून उन्हात वाळवा, पावसाळा असेल तर पंख्याखाली, रात्रभर ओली ठेवली की सकाळी गंज. मग चाक आणि चेन परत बसवा.

तेल कुठलं? खोबरेल चिकट होतं, गाडीचं इंजिन ऑइल धूळ ओढतं, साधं डब्ल्यूडी ४० वंगण म्हणून फार टिकत नाही. शिलाई मशीनचं तेल चालतं पण एका पावसात धुऊन जातं. चेन ल्यूबची छोटी बाटली घेतलेलीच परवडते, पावसात वेट आणि उन्हाळ्यात ड्राय. प्रत्येक रोलरवर एक थेंब, बास. शंभराच्या वर थेंब होतात, कंटाळा येतो, पण तेल आत पिनेपर्यंत जायला हवंय, बाहेर नाही. पेडल दोन मिनिटं उलटं फिरवा, थोडा वेळ थांबा आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचं तेल सगळं पुसून काढा. पूर्ण. हे पुसणं टाळलं की आठवड्यात पोटरीवर परत शिक्का.

उरलेलं काळं रॉकेल मोरीत ओतू नका, बाटली झाकण लावून एका कोपऱ्यात ठेवा, दोन-चार दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ रॉकेल पुढच्या खेपेला परत वापरता येतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव तेवढं लिहा, घरात लहान मुलं असतात.