नव्या धावपट्टीवर हरकत लिहायची असेल तर

पहिल्या जनसुनावणीत मी चार मिनिटं बोलले. पहाटेच्या विमानांनी आईची झोप कशी मोडते, ती उठून बसते आणि मग उजाडेपर्यंत तिचा डोळा कसा लागत नाही, सगळं सांगितलं. सभागृह शांत होऊन ऐकत होतं. पुढे इतिवृत्त हातात आलं तेव्हा त्यात माझ्या वाट्याला एक ओळ होती : ‘एका रहिवासी महिलेने आवाजाबाबत चिंता व्यक्त केली.’ शेजारच्या रकान्यात उत्तर होतं, ‘नोंद घेतली.’

दुसऱ्या फेरीत मी बोलले नाही, लेखी दिलं. सतरा प्रश्न, प्रत्येकापुढे प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालातला पान क्रमांक. सतराही प्रश्नांना उत्तर द्यावं लागलं आणि दोन ठिकाणी अंतिम अहवालातले तक्ते बदलले. धावपट्टी थांबली नाही. पण हरकत कशी लिहायची हे मला त्यातून समजलं. मी नोकरीभर रस्ते आणि पुलांचे नकाशे काढले, त्यामुळे नकाशाला प्रश्न विचारायची सवय होती. ती सवय कुणालाही लावून घेता येते.

आधी हे समजून घ्या : कोर्ट काय बघतं

‘कोर्टात गेलो की धावपट्टी थांबेल’ या आशेवर बरेच जण हरकतीच्या टप्प्याकडे दुर्लक्ष करतात. धावपट्टी हवी की नको, हे कोर्ट सहसा ठरवत नाही. निर्णय घेणाऱ्याने जे बघायला हवं होतं ते बघितलं का, एवढंच ते तपासतं.

लंडनच्या हीथ्रोचं बघा. तिथल्या तिसऱ्या धावपट्टीला पाठबळ देणारं धोरण ब्रिटिश सरकारने जून २०१८ मध्ये जाहीर केलं. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील कोर्टाने ते बेकायदा ठरवलं, कारण पॅरिस हवामान कराराचा विचारच झाला नव्हता. जगभर बातम्या झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. हवामानाची उद्दिष्टं प्रत्यक्ष परवानगीच्या वेळी तपासायचीच आहेत, असं सांगितलं. धावपट्टी चांगली की वाईट, यावर दोन्ही कोर्टांनी मत दिलेलं नाही. व्हिएन्नातही आधीचा निकाल असाच फिरला. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रशासकीय कोर्टाने हवामानाच्या कारणावरून तिसरी धावपट्टी नाकारली, जूनमध्ये घटनात्मक कोर्टाने तो निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये परवानगी मिळाली.

गोव्याच्या मोपा विमानतळाचं प्रकरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. मार्च २०१९ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. कारण होतं अगदी सुरुवातीच्या अर्जात. पंधरा किलोमीटरच्या परिघातली जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं यांची माहिती जिथे द्यायला हवी होती, तिथे ती दिलेली नव्हती. प्रकरण तज्ज्ञ समितीकडे परत गेलं, जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने वाढीव अटींसह वाट मोकळी केली आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. म्हणजे एका अर्जातल्या गाळलेल्या माहितीने मोठा प्रकल्प अडला, आणि ती माहिती भरून निघाल्यावर सुटलाही.

म्हणून तुमची हरकत दोन वाचकांसाठी लिहा. एक, आज निर्णय घेणारा अधिकारी. दुसरा, तीन वर्षांनी फाईल उघडणारा न्यायाधीश. ‘हा मुद्दा अमुक तारखेला लेखी मांडला होता, त्याला उत्तर मिळालं नाही’ असं त्या दुसऱ्याला दाखवता आलं पाहिजे.

काय मागवायचं

फक्त सारांश वाचून हरकत लिहू नका. पूर्ण अहवाल, सगळी परिशिष्टं, मूळ अर्ज आणि मोठ्या आकारातले नकाशे मागा. मागणी लेखी करा आणि पोचपावती घ्या. परिशिष्ट मिळालं नाही तर ‘परिशिष्ट मिळालं नाही’ हीच पहिली हरकत.

वाचायला घेताना मी शेवटाकडून सुरुवात करते. मुख्य प्रकरणं घोटून गुळगुळीत केलेली असतात, परिशिष्टातले तक्ते मात्र जसेच्या तसे असतात. तळ्यावरच्या पक्ष्यांचं सर्वेक्षण मला तिथेच सापडलं. मुख्य अहवालात वाक्य होतं, ‘उल्लेखनीय पक्षी आढळले नाहीत.’ परिशिष्टात तारखा होत्या : ऐन उन्हाळ्यातले सलग तीन दिवस. त्या दिवसांत त्या तळ्यात पाणीच नसतं, भेगा पडलेला चिखल असतो. आम्ही हिवाळ्यात काढलेले तारीखवार फोटो जोडले आणि एकच प्रश्न विचारला : स्थलांतरित पक्षी येतात त्या महिन्यांत पाहणी का झाली नाही?

हा मुद्दा केवळ पक्षीप्रेमाचा म्हणून मांडू नका. विमानाला पक्षी धडकणं हा उड्डाणसुरक्षेचा प्रश्न आहे आणि सुरक्षेच्या प्रश्नाला बगल देणं कुणालाही जड जातं. शिवाय त्यात एक पेच आहे. बुजवलेल्या पाणथळीच्या बदल्यात नवी पाणथळ धावपट्टीजवळ करता येत नाही, कारण पक्षी तिथेच येतील. ती दूर केली तर इथल्या विहिरींना आणि पुराच्या पाण्याला तिचा काही उपयोग नाही. अहवालात ‘भरपाई करण्यात येईल’ असं असेल तर कुठे, किती, कधी, हे तीन शब्द विचारा. ‘कधी’ सगळ्यात महत्त्वाचा. हाँगकाँगच्या तिसऱ्या धावपट्टीसाठी समुद्रात सुमारे ६५० हेक्टर भर टाकली. गुलाबी-पांढऱ्या डॉल्फिनचा वावर त्याच पाण्यात होता. काम २०१६ मध्ये सुरू झालं, धावपट्टी २०२२ मध्ये वापरात आली आणि भरपाईचं सागरी उद्यान अधिकृतपणे झालं २०२४ मध्ये. मधली आठ वर्षं डॉल्फिनांनी कुठे जायचं होतं?

आवाजाचं प्रकरण नीट वाचा

बहुतेक हरकती इथेच जन्मतात आणि बहुतेक इथेच विरतात, कारण आपण ‘खूप आवाज होतो’ म्हणतो आणि समोरचा सरासरी काढून दाखवतो.

ही सरासरी कशी चालते ते बघा. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा फक्त ३ ने वाढतो. त्यामुळे विमानांची संख्या दुप्पट केली आणि प्रत्येक विमान ३ डेसिबलने शांत झालं, तर दिवसाची सरासरी तसूभरही हलत नाही. अहवाल म्हणणार, ‘आवाजात वाढ नाही.’ पण ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो आणि दुप्पट वेळा दचकून जागं होणं पुरतं कळतं. म्हणून नुसती सरासरी स्वीकारू नका. माझ्या घरावरून रात्री किती विमानं जातील आणि त्यांतली किती ७० डेसिबलच्या वर असतील, हा आकडा मागा. हे मोजायची पद्धत रूढ आहे. मागितल्याशिवाय तो आकडा अहवालात येईलच असं नाही.

सरासरी कोणती, हेही विचारा. युरोपात वापरतात त्या दिवस-संध्याकाळ-रात्र मापात संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल वाढवून धरतात. म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतकं मोजलं जातं. नुसती दिवसाची सरासरी दिली असेल तर रात्र हिशेबातून गेलीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत विमानांचा आवाज या मापाने ४५ डेसिबलच्या आत आणि रात्रीचा ४० च्या आत ठेवावा, असं म्हटलं आहे. तो कायदा नाही, शिफारस आहे. पण ‘ही पातळी अहवालात का विचारात घेतली नाही’ हा प्रश्न विचारता येतो.

आता नकाशा. धावपट्टीभोवती लांबट पानासारख्या रेषा काढलेल्या असतात, एकात एक. सगळ्यात बाहेरच्या रेषेवरचा आकडा वाचा. तो ६० असेल, तर ५९ वाल्या घराला अहवालाच्या लेखी काहीच त्रास नाही. मी आयुष्यभर अशा रेषा काढल्या आहेत. बाहेरची रेषा म्हणजे आवाज संपण्याची जागा नसते, आखणाऱ्याने पेन उचलल्याची जागा असते. ४५ पर्यंतच्या रेषा काढून मागा आणि प्रत्येक पट्ट्यात किती लोक, किती शाळा, किती दवाखाने येतात ते विचारा.

त्या रेषा कोणत्या गृहीतकावर काढल्या आहेत, तेही बघा. विमानं सहसा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढतात-उतरतात. धावपट्टीचे ०९ आणि २७ असे जे आकडे असतात ते तिच्या दिशेचे : ०९ म्हणजे साधारण पूर्वेकडे तोंड, २७ म्हणजे पश्चिमेकडे. कोणत्या टोकाचा किती टक्के वापर धरला आहे आणि तो किती वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदींवरून धरला आहे, हे विचारा. आणि हवाई मार्ग पक्के आहेत की ‘सूचक’? सूचक असतील तर लिहा : मार्ग बदलल्यास नव्याने मूल्यांकन होईल, अशी अट घाला.

दरम्यान स्वतःची वही सुरू करा. विमानतळ आधीच असेल तर आजपासून. माझ्या वहीत पाच रकाने आहेत : तारीख, वेळ, दिशा, खिडकी उघडी की बंद, शेरा. एक नोंद अशी : ‘पहाटे ४:५०, पूर्वेकडून, खिडकी बंद, चाकं बाहेर आलेली स्पष्ट दिसली, आई जागी.’ फोनवरच्या ॲपने घेतलेले डेसिबल कुणी मान्य करत नाही, त्यात वेळ घालवू नका. वेळा मात्र विमानतळाच्या वेळापत्रकाशी जुळवून बघता येतात, म्हणून त्यांना वजन आहे. सलग तीस रात्री भरा, एकही गाळू नका. शांत गेलेली रात्रही लिहा.

आकडे एकमेकांशी लावून बघा

एक पेन्सिल घ्या आणि आर्थिक फायद्याच्या प्रकरणात दिलेली विमानांची संख्या शोधा. मग आवाजाच्या प्रकरणातली, त्याच वर्षाची. दोन्ही सारख्या आहेत का? फायदा मोजताना चढा अंदाज आणि त्रास मोजताना उतरता, असं दिसलं तर दोन्ही पानांचे क्रमांक शेजारी शेजारी लिहा. विशेषणं लावू नका. तो फरकच पुरेसा बोलका असतो.

हवामानाच्या प्रकरणात उत्सर्जन कुठपर्यंत मोजलं ते बघा. स्थानिक हवेसाठी विमानाचं चढणं-उतरणं ३,००० फुटांपर्यंत मोजायची पद्धत आहे, आणि तिथे ती योग्यही आहे. पण हवामानासाठी तिथेच थांबलं तर प्रवासात जळणारं बहुतेक इंधन हिशेबाबाहेर राहतं. शिवाय उंचावर विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचाही तापमानवाढीत वाटा आहे. त्यांचा उल्लेख तरी आहे का?

आणि प्रकल्पाचे तुकडे पाडलेत का? धावपट्टीचा अर्ज एक, रस्त्याचा दुसरा, इंधनाच्या टाक्यांचा तिसरा, भरावासाठी फोडायच्या टेकडीचा चौथा. प्रत्येक तुकडा लहान दिसतो. एकत्रित परिणाम मागा.

मुदत

इथे चूक झाली तर सुधारता येत नाही. भारतात पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे अपील ३० दिवसांत करायचं असतं. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. इंग्लंडमध्ये अशा मोठ्या प्रकल्पाच्या परवानगीला आव्हान द्यायला सहा आठवडे असतात. परवानगी हातात आल्यावर वकील शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो. वकील आधी बघा, आणि हरलो तर समोरच्याचा खर्च आपल्यावर येतो का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

काय मागायचं

हा भाग लिहिताना मन घट्ट करावं लागतं. ‘धावपट्टी नकोच’ हे पहिल्या परिच्छेदात निःसंकोच लिहा. कधीकधी लोकांचं म्हणणं खरंच चालतं. म्युनिकच्या मतदारांनी २०१२ मध्ये तिसरी धावपट्टी नाकारली आणि पुढे कोर्टांनी परवानगी योग्य ठरवूनही ती झालेली नाही. फ्रान्समध्ये नोत्र-दाम-दे-लांदचा विमानतळ अनेक दशकांच्या लढ्यानंतर सरकारने जानेवारी २०१८ मध्ये सोडून दिला. पण दुसऱ्या परिच्छेदात लिहा : तरीही मंजुरी दिलीच तर या अटी घाला. दुसरा परिच्छेद लिहिला म्हणजे पहिला मागे घेतला, असं होत नाही. आमच्याकडे यावर फार कडू वाद झाले. तरी माझं मत बदललेलं नाही.

फ्रँकफर्टमध्ये नवी धावपट्टी ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली. मूळ परवानगीत रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात सरासरी १७ उड्डाणं मान्य होती. रहिवासी आणि गावं कोर्टात गेली आणि एप्रिल २०१२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने त्या सहा तासांतली नियोजित उड्डाणं बंद ठेवण्यावर शिक्कामोर्तब केलं. धावपट्टी आहे, पण रात्रीचे सहा तास लोकांना परत मिळाले. ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घराला विचारा, हे किती मोठं आहे.

अट लिहिताना आकडा, वेळ आणि जबाबदार कोण, या तिन्ही गोष्टी घाला. मंजुरीपत्र आलं की ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘योग्य त्या उपाययोजना’ हे शब्द शोधून त्यांखाली रेघ मारा. असा शब्द असलेली अट मोडली, हे सिद्ध करणं फार कठीण जातं. ‘रात्रीची उड्डाणं शक्यतो टाळावीत’ आणि ‘रात्री ११ ते ५ नियोजित उड्डाण नाही, मोजणी यंत्र अमुक तीन ठिकाणी, नोंदी दर महिन्याला जाहीर’ यांतली दुसरी अट तुमच्या वहीतल्या नोंदींशी ताडून बघता येते. वहीच्या पहिल्या पानावर ती अट तिच्या क्रमांकासह उतरवून ठेवा आणि पहिलं विमान उतरेल त्या रात्रीपासून पुन्हा नोंदी सुरू करा.