मळमळ, अंगदुखी आणि आलं: काय, कसं आणि किती वापरावं

मळमळीवर आल्याइतका भरवशाचा साधा उपाय क्वचितच सापडेल. पण ताजं आलं, सुंठ आणि आल्याचं सुगंधी तेल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजरॉलमुळे येतो. आलं वाळताना त्यातल्या काही जिंजरॉलचं आणखी तिखट असं शोगाऑल तयार होतं, म्हणून सुंठ कमीच घ्यावी लागते. तेल वाफेच्या मदतीने काढतात. त्यात सुगंध उतरतो, तिखट भाग जवळजवळ सगळा मागे राहतो.

काढा

1. अंगठ्याच्या पेराएवढं आलं स्वच्छ धुऊन ठेचा. साल काढायची गरज नाही.
2. दीड कप पाण्यात घालून मंद आचेवर 10 मिनिटं उकळा. भांड्यावर झाकण हवंच, नाहीतर सुगंधी अंश वाफेबरोबर उडून जातो.
3. गाळून, कोमट झाल्यावर घोट घोट घ्या. मळमळत असताना कपभर काढा एकदम प्यायलात तर उलटून पडण्याचीच शक्यता जास्त.

आलं हाताशी नसेल तर सुंठ चालते. गरोदरपणातल्या मळमळीवरच्या अभ्यासांत दिवसाला साधारण 1 ग्रॅम सुंठ, 3-4 वेळा विभागून दिलेली आहे. म्हणजे दिवसभरात मिळून चहाचा सपाट अर्धा चमचा. गरोदर असाल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

तेल

हे पोटात घ्यायचं नाही आणि नुसतं त्वचेवरही लावायचं नाही.

1. 5 मिली तीळतेलात 1 थेंब मिसळा. हे प्रमाण साधारण 1 टक्का होतं.
2. मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून 24 तास थांबा. लाली किंवा खाज आली तर वापरू नका.
3. त्रास झाला नाही तर आखडलेल्या मानेला, गुडघ्यांना हलक्या हाताने चोळा. ऊब जाणवते, यातला बराचसा आराम चोळण्यामुळेच मिळतो, आणि तोही मोलाचाच आहे.

नुसत्या वासासाठी रुमालावर 1 थेंब पुरे. उकळत्या पाण्यात तेल टाकून वाफ घेणं मी सुचवणार नाही: डोळे चुरचुरतात, भाजण्याचीही भीती असते.

रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर औषध म्हणून आलं घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीत जळजळ वाढली तर प्रमाण कमी करा. उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात ठरत नसेल, तर काढा करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.