हजार यार्डांसाठी काडतूस निवडताना

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीसाठी बहुतेकजण आधी वेग बघतात. त्याआधी बघायचा तो गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवा कापत वेग टिकवायची तिची क्षमता; तो जास्त असला की वाऱ्याने गोळी कमी सरकते. अंतर ठाऊक असलं की गोळी किती खाली येणार ते स्कोपवर भरून काढता येतं. वारा मात्र क्षणाक्षणाला बदलतो, आणि गुण जातात ते तिथेच.

.३०८ विंचेस्टर या काडतुसाची १६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीची, गोळी सहाशे यार्डांपर्यंत गुणी. हजाराच्या आधीच ती आवाजाच्या वेगाजवळ उतरते आणि डगमगू लागते. टार्गेटवर गोल भोकाऐवजी लांबट फाट दिसली की समजा, गोळी आडवी येतेय. त्याच रायफलीत १७५ ग्रेनची लावून बघा.

रायफलच नवी घ्यायची असेल तर सरळ ६.५ क्रीडमूर काडतुसाची घ्या, गोळी १४० ग्रेनची. धक्का कमी, वाऱ्याने सरकतेही कमी. बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, तेवढा तपासा: ८ इंचांत एक फेरा हवा. १० इंचांचा असेल तर एवढी लांब गोळी नीट स्थिरावेलच असं नाही. मॅग्नमचा, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसांचा, मोह नकोच. बॅरलचा घसा (काडतुसाच्या लगेच पुढचा भाग) लवकर झिजतो, आणि धक्क्याच्या धास्तीने ट्रिगर झटकला जातो.

काडतुसं एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या एकाच तुकडीची, घ्या. लॉट बदलला की झीरो, म्हणजे ठरावीक अंतरावर जुळवलेला स्कोपचा नेम, पुन्हा तपासा.