उलुरूला जाताना या चुका टाळा

सिडनी-मेलबर्नला मुलांकडे गेलेल्या मंडळींचं हमखास ठरतं, ‘एवढे आलोच आहोत तर तो उलुरूचा लाल डोंगरही बघून येऊ.’ नकाशात तो ऑस्ट्रेलियाच्या मधोमध दिसतो आणि शेजारी ॲलिस स्प्रिंग्ज हे शहर. पहिली फसगत इथेच होते. स्वस्त मिळालं म्हणून आम्हीही ॲलिस स्प्रिंग्जचं तिकीट काढलं. तिथून उलुरू सुमारे 450 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई-सोलापूर, आणि वाटेत पेट्रोल-चहाची ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी. उलुरूच्या जवळ उतरायचं तर विमानतळाचं नाव ‘एअर्स रॉक’ असं शोधा. डोंगराचं हे इंग्रजी नाव 1873 मध्ये ठेवलं गेलं, ते विमानतळाला अजून चिकटून आहे.

गाडीनेच जाणार असाल तर अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. रात्री रस्त्यावर कांगारू, गुरं, चक्क उंटही येतात. आणि शेवटच्या टप्प्यात डावीकडे सपाट माथ्याचा एक डोंगर दिसतो, तो उलुरू नव्हे. तो माउंट कॉनर. आमच्या गाडीत टाळ्या वाजल्या, वीसेक फोटो निघाले, घरच्या ग्रुपवर गेलेसुद्धा. खरा उलुरू त्यानंतर तासाभराने आला.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. नाताळची सुट्टी जोडून लोक डिसेंबरात जातात, तेव्हा तिथे ऐन उन्हाळा असतो आणि पारा सहज चाळिशीला टेकतो. डोंगराला पूर्ण प्रदक्षिणा घालायची वाट 10.6 किलोमीटरची आहे, साडेतीन तास तरी धरा, आणि सावली नावालाच. माणशी तासाला एक लिटर पाणी हा तिथला हिशोब. जवळच्या काटा जुटा या घुमटांसारख्या डोंगरांमधली वाऱ्यांच्या दरीची वाट तर 36 अंशांचा अंदाज असला की सकाळी 11 नंतर एका टप्प्यापुढे बंदच करतात. खरं तर आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी तिथल्या हवेला अगदी जुळते. पण जून-जुलैत पहाटे तापमान शून्याखाली जातं. वाळवंट म्हणून नुसते सुती सदरे नेलेली माणसं सूर्योदयाला हॉटेलची चादर गुंडाळून उभी असतात.

डिसेंबरचं बुकिंग होऊन बसलं असेल तर? पूर्ण फेरीचा हट्ट सोडा. पहाटे माला वाटेवर चाला, मग मुतिजुलू पाणवठ्यापर्यंतची छोटी वाट करा आणि दुपार सांस्कृतिक केंद्रात काढा.

‘वर कधी चढायचं?’ हा प्रश्न अजूनही ऐकू येतो. जुन्या फोटोंत साखळी धरून चढणारी रांग दिसते ना! ती चढण 26 ऑक्टोबर 2019 पासून कायमची बंद आहे. 1985 मध्ये याच तारखेला ही जमीन तिच्या मूळ मालकांना, आनांगू लोकांना, परत मिळाली. ते आधीपासूनच ‘चढू नका’ म्हणून विनवत होते. पावलांनी घासलेला फिकट पट्टा कातळावर आजही दिसतो. काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळा. आनांगूंना पवित्र असलेल्या त्या जागांच्या कथा सगळ्यांसाठी नसतात. ड्रोन घरीच ठेवा. आठवण म्हणून खडाही उचलू नका. उचललेले दगड लोक माफीची चिठ्ठी जोडून टपालाने परत पाठवतात, आणि असे दगड तिथे इतके येतात की त्यांना ‘सॉरी रॉक्स’ असं नावच पडलंय.

बरेच जण लांबून सूर्यास्त पाहून परततात. फोटो झकास येतो, पण तेवढ्यासाठी एवढा खर्च मला तरी पटत नाही. जवळ गेल्यावर कातळाचे पापुद्रे दिसतात, गंजलेल्या पत्र्यासारखे. तो खरोखर गंजच आहे, दगडातल्या लोखंडाचा. गुहांच्या आत खडकाचा मूळ राखाडी रंग डोकावतो. पाऊस आला तर हिरमुसू नका, 348 मीटर उंचीच्या त्या भिंतीवरून धबधबे कोसळताना फार थोड्यांना दिसतात.

उलुरू आणि काटा जुटा ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत, तिथे तंबू ठोकता येत नाही. राहायचं ते उद्यानाबाहेरच्या युलारा गावातच, म्हणून खोली काही महिने आधी धरा. उद्यानाचा पास मात्र वेगळा काढावा लागतो. आणि माशा! तोंडावर घ्यायची जाळी हास्यास्पद दिसते म्हणून मी पहिल्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधीच दारात उभा होतो.