कमी पैशांत रोम: खुर्चीचं भाडं कसं वाचवायचं

रोमात पैसे जातात ते बसण्यात. काउंटरशी उभं राहून घेतलेली एस्प्रेसो साधारण सव्वा युरोला पडते. तीच नव्होना चौकात खुर्चीवर बसून मागवली की बिल तिप्पट-चौपट होतं. यात लबाडी काही नाही, उभ्याचा भाव वेगळा आणि टेबलाचा वेगळा ही तिथली रीतच आहे. म्हणून चार-पाच दिवसांच्या सहलीत ठरवायचं ते एवढंच: कुठे उभं राहायचं, कुठे चालायचं आणि फुकटात कुठे टेकायचं.

निघण्याआधी

इटलीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईत मे महिन्याच्या सुट्टीसाठी एप्रिलमध्ये तारीख शोधणारे अडकतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच केंद्राची वेळ घ्या. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो. हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच धरा, व्हिसा हातात आल्यावर स्वस्त आणि पक्कं बुकिंग करा.

मे हा रोमातल्या महागड्या महिन्यांपैकी एक. दिवाळीची सुट्टी उशिरा, नोव्हेंबरात येत असेल तर ती साधा. खोल्या स्वस्त होतात आणि रांगा आटतात. पाऊस मात्र याच महिन्यात जास्त. पण जुलैत अंधेरी सबवे पाहिलेल्या माणसाला त्याचं काय!

खाऊ नेताना एक काळजी घ्या. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप, चीज घरीच ठेवा. ताजी फळं आणि भाजीपाल्याला रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. हापूसची पेटी या यादीत बसत नाही, कढीपत्ताही नाही. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे बिनधास्त न्या.

विमानतळावरून शहरात

फ्युमिचिनो विमानतळाहून तेर्मिनी या मुख्य स्टेशनला थेट जाणारी लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटं घेते, भाडं १४ युरो. त्याच फलाटांवरून सुटणारी एफएल१ ही साधी लोकल ८ युरोंची. ती तेर्मिनीला जात नाही, त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना असं करत जाते. खोली त्या बाजूला असेल तर लोकल घ्या. तेर्मिनीलाच जायचं असेल तर बाहेरून सुटणाऱ्या खासगी बस सर्वांत स्वस्त पडतात, फक्त वाहतुकीत तास जातो. चौघं असाल तर टॅक्सीचा हिशेबही मांडा. जुन्या तटबंदीच्या आत जायला ठरीव भाडं असतं, ते एक्स्प्रेसच्या चार तिकिटांच्या आसपास येतं.

खोलीच्या किमतीत धरलेला नसतो तो शहराचा मुक्काम कर. तीन तारा हॉटेलात तो माणशी, रात्रीला ६ युरो आहे, म्हणजे तिघांचे पाच रात्रींचे ९०. वसतिगृहात तो कमी बसतो. स्वस्त आणि लख्ख स्वच्छ खोल्या हव्या असतील तर ननांच्या मठांची अतिथिगृहं बघा. अट एकच, रात्री ठरल्या वेळी दार बंद होतं.

शहरात बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं. त्यात बस कितीही बदला, मेट्रोत मात्र एकदाच शिरता येतं. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं तरी चालतं, पण माणशी वेगळं कार्ड हवं. कागदी तिकीट ‘ताबाकी’ म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात मिळतं आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तर दंड ५० युरोंच्या वर. दहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट.

तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांची लाडकी. विरार लोकलला लावता तशी सॅक पोटाशी लावा.

पाणी, कॉफी, पिझ्झा

पाण्याची बाटली विकत घेणं हा रोमातला सर्वांत निरर्थक खर्च. रस्तोरस्ती बिडाचे नळ आहेत, त्यांना ‘नासोनी’ म्हणतात, म्हणजे मोठ्ठी नाकं. वाकड्या तोटीवरून हे नाव पडलं. १८७४ पासून बसवलेले हे नळ आज अडीच हजारांच्या घरात आहेत, पाणी पिण्याचंच आणि चोवीस तास वाहतं. तोटीच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की त्या भोकातून पाण्याची धार वर उडते आणि तोटीला तोंड न लावता पिता येतं. दाब एकदम दिलात तर धार सरळ शर्टावर येते, म्हणून बोट हळूहळू सरकवा.

कॉफीचं तंत्र दादरच्या सेल्फ सर्व्हिस उडप्यासारखं: आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती घेऊन काउंटर. पावतीला ‘स्कोन्त्रीनो’ म्हणतात, ती काउंटरवर ठेवून कॉफी सांगायची. प्यायची तिथेच, उभ्यानं. उभ्याच्या भावाची कॉफी घेऊन टेबलाकडे वळलात की वेटर मागे येतो.

दुपारच्या जेवणाला ‘पिझ्झा आल ताल्यो’. हा मोठ्या ताटलीतून कापून वजनावर विकतात. पाटीवर भाव किलोचा किंवा ‘एत्तो’चा असतो, एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. किलोचा आकडा बघून घाबरू नका आणि एत्तोचा बघून हुरळू नका. एका माणसाला अडीच-तीन एत्तो पुरतो. विक्रेता सुरी पिझ्झ्यावर धरून तुमच्याकडे बघतो, तेव्हाच सांगायचं: कमी हवा तर ‘मेनो’, जास्त हवा तर ‘प्यू’. मान डोलावलीत की तो हात सढळ ठेवून कापतो, आणि कापलेलं परत घेत नाही.

शाकाहाऱ्यांनी मार्गेरिता, बटाट्याचा ‘कोन पताते’ किंवा नुसत्या टोमॅटोचा ‘रोस्सा’ घ्यावा. ‘सुप्ली’ हा भाताचा तळलेला गोळा बाहेरून साबुदाणावड्याचा भाऊ वाटतो, पण पारंपरिक सुप्लीत मांसाचा रस्सा असतो, विचारून घ्या. कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्ही पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस असतं. ‘काचो ए पेपे’त मांस नाही, पण त्यातलं पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणानं लावलेलं असतं. कडक पाळणाऱ्यांनी तेही टाळावं.

खोलीत स्वयंपाकघर असेल तर तेर्मिनीजवळचा एस्क्विलिनो बाजार गाठा. डाळ, तांदूळ, हिरवी मिरची, कोथिंबीर सगळं मिळतं. रविवारी बंद.

हॉटेलात टेबलावर बसलातच तर न मागता आलेल्या पावाच्या टोपलीचे पैसे बिलात ‘पाने’ म्हणून लागतात. नको असेल तर हात लावण्याआधी परत पाठवा.

बघायचं काय, कधी

कितीतरी नावाजलेली चित्रं आणि पुतळे चर्चमध्ये आहेत आणि तिथे प्रवेश फुकट. नव्होना चौकाजवळच्या सान लुईजी देई फ्रान्चेजीत चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं मूळ जागीच लावलेली आहेत. त्या चॅपलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या दालनात, अंधार असतो. बाजूच्या पेटीत नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागतो. घाई नसेल तर थांबा, कोणीतरी टाकतंच. मायकलअँजेलोचा मोझेसचा पुतळा कलोसियमपासून दहा-पंधरा मिनिटांवर, सान पिएत्रो इन व्हिन्कोलीत. यांतली बरीचशी चर्च दुपारी साडेबारा ते तीन-चारपर्यंत बंद असतात, ती वेळ पिझ्झ्याला द्या. आणि चर्चमधला बाक ही शहरातली सर्वांत थंडगार फुकट बैठक. स्पॅनिश पायऱ्यांवर मात्र टेकू नका, २०१९ पासून तिथे बसायला दंड आहे.

व्हॅटिकनमधल्या संत पीटरच्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, प्रवेश फुकट, रांग असते ती सुरक्षा तपासणीची. सकाळी आठच्या आत पोचा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असते, त्या दिवशी बॅसिलिका दुपारपर्यंत बंद राहू शकते. व्हॅटिकन संग्रहालय महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट, आत शिरायची मुदत साडेबारापर्यंत.

कलोसियमचं तिकीट १८ युरो, त्यातच फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या भर चौकाचे अवशेष, आणि पॅलाटाइन टेकडी. अधिकृत साइटवर तारखेच्या ३० दिवस आधी खुलतं आणि भराभर संपतं. तिकिटावर नाव लागतं आणि दारात पासपोर्टशी ताडून बघतात. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असल्यानं इथे गोंधळ होतो. पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ रकान्यात जे आहे ते सगळं, त्याच क्रमानं लिहा. अठराखालच्यांना फुकट, पण शून्य युरोचं तिकीट काढावंच लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच फुकट असतं, तेव्हा रांग सिद्धिविनायकाच्या मंगळवारची. त्या रविवारी कलोसियम सोडून काराकालाची स्नानगृहं किंवा पालाझ्झो मास्सिमो हे संग्रहालय गाठणं शहाणपणाचं. पॅन्थिऑन या घुमटाच्या प्राचीन देवळाला २०२३ पासून ५ युरो पडतात, ते मात्र द्या. पाऊस पडत असेल तर अवश्य, घुमटाच्या उघड्या भोकातून सरी थेट आत येतात.

फोरम फुकटात बघायचा तर कॅम्पिदोल्यो टेकडीवर महापौरांच्या वाड्यामागे जा, अंधार पडल्यावर. दिवे लावलेले असतात.

परतीचा दिवस शुक्रवार असेल तर आदल्या रात्री ‘शोपेरो’ आहे का बघा, म्हणजे संप. संपातही शहरातल्या बस-मेट्रो सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ धावतात. विमान दुपारचं असलं तरी सामान घेऊन सकाळीच निघा, आणि बाटली शेवटच्या नासोनेवर भरू नका, तपासणीत ओतून टाकावी लागू शकते. रिकामी न्या.